सत्तरची दोनशे होणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीत काम कसं करायचं, नागपुरातून

नागपुरात सॉफ्टवेअरची नोकरी म्हटली की मिहानमधले टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलचे कॅम्पस आठवतात, नाहीतर गायत्रीनगरच्या आयटी पार्कातलं पर्सिस्टंट. तिथं नव्या माणसाची वाट आखलेली असते: प्रशिक्षण, मग प्रकल्प, मग वर्षाचं मूल्यमापन. ही माहिती दुसऱ्या जातीच्या कंपनीबद्दल आहे. स्वतःचं उत्पादन विकणारी, नुकतीच गुंतवणूक मिळालेली, वर्ष-दीड वर्षात सत्तर माणसांवरून दोनशेवर जाणारी. तिचं नागपूरचं ऑफिस म्हणजे एखाद्या इमारतीतला एक मजला असतो, किंवा ऑफिसच नसतं. मुख्यालय पुण्याला नाहीतर बंगळुरूला आणि तुम्ही मनीषनगरच्या घरातून कामाला.

अशा ठिकाणी काम जास्त असतं हे सगळेच सांगतात. खरी पंचाईत वेगळी आहे. सहा महिन्यांपूर्वी ठरलेली गोष्ट आज लागू नसते आणि ती मोडीत निघाल्याचं कुणी जाहीर केलेलं नसतं. ज्याला हे लवकर उमगतं तो टिकतो. बाकीचे "आपल्याला तर असं सांगितलं होतं" म्हणत बसतात.

ऑफर लेटर हातात आल्यावर

आधी आकडा फोडा. समजा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, १४ लाख आहे. त्यात १० टक्के बदलती रक्कम, म्हणजे १,४०,०००. मूळ वेतन महिना ५०,००० असेल आणि कंपनी पूर्ण मूळ वेतनावर पीएफ भरत असेल तर कंपनीचा वाटा १२ टक्के, वर्षाला ७२,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २८,८६०. आरोग्य विम्याचे १५,००० धरा. हे सगळं वजा जाता ११,४४,१४० उरतात, महिन्याला ९५,३४५. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) कापला की खात्यात साधारण ८९,१४५ येतात. चौदा लाखांना बारानं भागून १,१६,६६६ डोक्यात धरलेले असतात, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी एचआरशी खटका उडतो. करकपात यात धरलेली नाही, कारण आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट घेतल्यावर हे उत्पन्न करमाफीच्या १२ लाखांच्या आत बसतं. बदलती रक्कम पूर्ण मिळाली तर मात्र ९,१४० रुपयांनी वर जातं आणि थोडा कर लागतो.

ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हाती पडते. वाढत्या कंपनीत पाच वर्षं काढणारे थोडे, तेव्हा पगाराची तुलना करताना ती बाजूलाच ठेवलेली बरी.

ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला पुढं विकत घ्यायचे ऑप्शन, हा भाग नीट समजून घ्या. इथंच सर्वांत जास्त गैरसमज असतात. पाच गोष्टी लेखी मागायच्या: किती ऑप्शन, कंपनीचे एकूण शेअर किती (सगळे ऑप्शन धरून), खरेदीची किंमत काय, कोणत्या वेळापत्रकानं हक्क मिळतो, आणि नोकरी सोडल्यावर खरेदीसाठी किती दिवस. "दोन हजार ऑप्शन" याला एकूण संख्येशिवाय काही अर्थ नाही. कायद्यानं ऑप्शन दिल्यापासून हक्क मिळेपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं. पुढं चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं, अशी सर्वसाधारण रीत आहे. अकराव्या महिन्यात राजीनामा दिला तर हातात शून्य.

आणि कर. दोन हजार ऑप्शन, खरेदीची किंमत १० रुपये, खरेदीच्या दिवशीचं शेअरचं मूल्यांकन ४०० रुपये. खरेदी करताच फरकाचे ७,८०,००० तुमच्या पगाराच्या उत्पन्नात धरले जातात. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह २,४३,३६० कर, वर खरेदीचे २०,०००. शेअर बाजारात नोंदलेला नसतो, म्हणजे विकून पैसे उभे करता येत नाहीत. हा कर पुढं ढकलण्याची सवलत ठरावीक मान्यता मिळालेल्या स्टार्टअपनाच आहे. आपली कंपनी त्यात बसते का ते विचारून ठेवा. ईसॉपची किंमत सीटीसीत मिसळलेली दिसली तर ती सरळ बाहेर काढून मगच पगाराचा विचार करा.

शेवटच्या फेरीत तुम्हालाही प्रश्न विचारायची संधी देतात. तिथं "कल्चर कसं आहे" विचारून उपयोग नाही, सगळे छानच सांगतात. विचारा: आत्ताच्या खर्चानं पैसा किती महिने पुरेल? बँकेत ३० कोटी आणि दर महिन्याचा निव्वळ खर्च अडीच कोटी, तर बारा महिने. अठरा महिन्यांच्या वर उत्तर आलं तर ठीक. उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर किरकोळ शुल्क भरून बघता येतात. ते वर्षभर जुने असतात, पण तोटा वाढतोय की विक्री, एवढं त्यातून कळतं.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळतो, परवानग्या मिळत नाहीत. कोड भांडार, व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित जोडणी), लॉग बघायचं साधन, चाचणीचं वातावरण, तिकिटांची प्रणाली, डिझाइनच्या फायली: या सहा परवानग्यांची यादी करून त्याच दिवशी एकाच संदेशात मागा. एकेक मागत बसलात तर आठवडा जातो, कारण देणारा माणूस एकच असतो आणि त्याच्याकडे त्याच सोमवारी रुजू झालेले आणखी सात जण असतात.

मग प्रकल्प स्वतःच्या यंत्रावर चालू करा. रीडमीत, म्हणजे प्रकल्प कसा चालवायचा ते सांगणाऱ्या फायलीत, दहा टप्पे लिहिलेले असतील तर त्यातले दोन-तीन नक्की चुकीचे निघतील. ज्यानं ते लिहिलं तो आता दुसऱ्या टीममध्ये आहे. जिथं अडाल ते टिपून ठेवा आणि रीडमीची दुरुस्ती हाच तुमचा पहिला पीआर (बदल तपासून सामावून घ्यायची विनंती) करा. कोडला हात न लावता रिव्ह्यू, चाचण्या आणि डिप्लॉय (बदल चालू यंत्रणेवर सोडणं) हा सगळा रस्ता एकदा चालून होतो, आणि पुढच्या सोमवारच्या सात जणांचा अर्धा-अर्धा दिवस वाचतो.

दुसऱ्या आठवड्यात एक छोटी चूक दुरुस्त करा. पीआर दोनशे ओळींच्या आत ठेवा. आठशे ओळींचा पीआर कुणी वाचत नाही. दोन दिवस पडून राहतो आणि मग "बरं दिसतंय" एवढंच लिहून पास होतो. यात बग सापडत नाहीत, नुसता वेळ जातो.

नागपुरात वरिष्ठाला सर-मॅडम म्हणायची सवय हाडीमाशी खिळलेली. या कंपन्यांत नावानं हाक मारतात. चहाच्या टपरीवर दादा-ताई म्हणा, कुणाला खटकत नाही, पण कोड रिव्ह्यूमध्ये तो आब सोडावाच लागतो. "सर म्हणाले म्हणजे बरोबरच असेल" म्हणून पास केलेला बदल रात्री दोनला तुमच्याच फोनवर वाजतो. शंका असेल तर त्या ओळीवर लिहा: इथं यादी रिकामी आली तर काय होईल? प्रश्न कोडबद्दल ठेवला की माणसाला लागत नाही.

विचारायचं कसं

अर्धा तास स्वतः प्रयत्न करा. त्यानंतर गप्प बसणं म्हणजे कंपनीचे पैसे जाळणं. विचारायचं ते टीमच्या खुल्या चॅनेलवर, खासगी संदेशात नाही. तोच प्रश्न महिन्याभरात आणखी चार जणांना पडणार असतो आणि शोधल्यावर त्यांना तुमचं उत्तर सापडतं.

"सर, होत नाहीये, दोन मिनिटं कॉलवर येता का?" हा संदेश निकामी. त्याऐवजी असं लिहा:

"पेमेंट सेवा माझ्या लॅपटॉपवर चालू होत नाही. सुरू करताच रेडिसशी जोडणी नाकारल्याची चूक येते, लॉग खाली जोडला आहे. रीडमीतले पाचही टप्पे केले. रेडिस ६३७९ वर चालू आहे हे तपासलं. माझा अंदाज असा की कालच्या कॉन्फिग बदलात जुन्या वातावरणाचा पत्ता राहिला आहे. आज दुपारी तीनपर्यंत हे सुटलं नाही तर मी दुसरं तिकीट घेतो."

काय झालं, काय करून बघितलं, अंदाज काय, घाई किती. चारही गोष्टी असल्या की पुण्यातला माणूस मीटिंगमध्ये बसूनही उत्तर देऊ शकतो. नुसता "हाय" पाठवून उत्तराची वाट बघत बसणारे अजून आहेत, बाप्पा.

उत्तर मिळालं की ते योग्य कागदात नोंदवणं हे विचारणाऱ्याचं काम. वाढत्या कंपनीत कागदपत्रं शिळी होतात, म्हणून प्रत्येक पानावर वरती तारीख आणि जबाबदार टीमचं नाव घाला. व्यक्तीचं नाव घालू नका, व्यक्ती बदलते. सहा महिन्यांहून जुन्या पानावर विश्वास ठेवण्याआधी कोड उघडून बघा.

कुठं काय मोडतं

सहा जणांच्या टीममध्ये एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या १५ होतात. बारा जणांत ६६, चोवीस जणांत २७६. माणसं चौपट, जोड्या अठरापटीच्या वर. म्हणून पंधरा जणांपर्यंत चहा घेताना ठरलेलं सगळ्यांना कळतं. तीसच्या पुढं लिहिल्याशिवाय कळत नाही. शंभराच्या पुढं लिहिलेलंही शोधावं लागतं. तुमची कंपनी कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखायची सोपी खूण: एखादा निर्णय तुम्हाला दुसऱ्या टीमच्या डेमोत पहिल्यांदा कळला, तर टप्पा बदललाय. तेव्हापासून मोठ्या बदलाआधी एक-दोन पानांचा प्रस्ताव लिहायची सवय लावा: प्रश्न काय, पर्याय कोणते, कुठला निवडला आणि काहून, कुणावर परिणाम. दोन दिवस अभिप्रायाला, मग काम सुरू.

पुण्यात मुख्यालय आणि नागपुरात पाच-सहा जण असतील तर हा नियम आणखी कडक पाळा. तिकडं निर्णय जेवणाच्या टेबलावर होतात. मीटिंग संपल्यावर निर्णयाच्या तीन ओळी चॅनेलवर टाकायचं काम नागपूरच्या माणसानं स्वतःकडे घ्यावं. लिहिणाऱ्याला वगळून पुढं जाता येत नाही.

चालू यंत्रणेला हात लावताना

ग्राहक वाढतात तशी गेल्या वर्षी बिनधोक असलेली कामं घातक होतात. टेबलात दहा हजार नोंदी असताना जो बदल डोळ्याचं पातं लवण्याआधी होत होता, तोच तीन कोटी नोंदींवर सगळी सेवा बंद पाडतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे कसं घडतं ते बघा. टेबलाची रचना बदलणाऱ्या आज्ञेला त्या टेबलावर संपूर्ण ताबा लागतो. कुणाचा तरी दहा मिनिटांचा अहवाल त्याच टेबलावर चालू असतो, म्हणून तुमची आज्ञा रांगेत थांबते. आणि तिच्यामागं येणारी प्रत्येक साधी विचारणाही थांबते. बदल स्वतः क्षणाचा असतो, पण रांगेमुळं दहा मिनिटं ॲप मेलेलं असतं.

ऑर्डरच्या टेबलात सक्तीचा नवा रकाना घालायचा असेल तर हे पाच वेगवेगळे डिप्लॉय समजा:

१. लॉकसाठी (म्हणजे वर सांगितलेल्या ताब्यासाठी) थांबायची मुदत तीन सेकंद ठेवून रकाना जोडा, रिकामा चालेल असा. ताबा मिळाला नाही तर आज्ञा अपयशी ठरेल, पण रांग तीन सेकंदांच्या वर लागणार नाही. थोड्या वेळानं पुन्हा चालवा. पोस्टग्रेस ११ पासून ठरावीक डीफॉल्ट दिला तरी टेबल नव्यानं लिहिलं जात नाही, लॉक मात्र लागतंच.

२. नव्या ऑर्डरसाठी तो रकाना भरणारा कोड सोडा.

३. जुन्या नोंदी दोन-दोन हजारांच्या गठ्ठ्यांनी भरा, मध्ये थोडा श्वास देऊन. तीन कोटींचे पंधरा हजार गठ्ठे. प्रत्येकाला अर्धा सेकंद धरला तर दोन तासांच्या थोडं वर. प्रतिकृती डेटाबेस किती मागं पडतोय त्यावर नजर ठेवा, मागं पडू लागला तर वेग कमी करा.

४. रिकामा नको ही अट आधी "तपासणी न करता" घाला, नंतर वेगळ्या आज्ञेनं तपासून घ्या. आवृत्ती १२ पासून अशी तपासलेली अट असली की रकाना सक्तीचा करताना सगळं टेबल पुन्हा वाचलं जात नाही.

५. वाचणारा कोड नव्या रकान्यावर आणा. जुना रकाना असेल तर तो पुढच्या आठवड्यात काढा, आज नाही.

इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) बनवताना कॉनकरंटली, म्हणजे टेबलावरचं लिखाण न थांबवणारी, पद्धत वापरा. ती डेटाबेसच्या व्यवहाराच्या (ट्रान्झॅक्शनच्या) आत चालत नाही आणि मध्येच फसली तर निकामी इंडेक्स मागं सोडते; तो आधी काढून टाकून मगच पुन्हा बनवायचा. बहुतेक जण तोच राहू देतात आणि लिहिण्याचा भार उगाच वाहतात.

दुसरा नेहमीचा अपघात पुनर्प्रयत्नांचा. मोबाइल ॲप तीनदा प्रयत्न करतं, मधली सेवा तीनदा, डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी तीनदा. ग्राहकानं एकदा बटण दाबलं की आधीच दमलेल्या डेटाबेसवर सत्तावीस विनंत्या. पुनर्प्रयत्न एकाच थरावर ठेवा, दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट करा आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा घाला, नाहीतर सगळे ग्राहक एकाच क्षणी परत येऊन धडकतात.

शुक्रवारी दुपारी चारनंतर डिप्लॉय करू नका. करावंच लागलं तर नवी सोय फ्लॅगमागं (चालू-बंद करायच्या कळीमागं) ठेवा आणि फ्लॅग सोमवारी उघडा.

ऑनकॉल

ऑनकॉल म्हणजे यंत्रणा बिघडली की रात्री-अपरात्रीही फोन उचलायची पाळी. फेरीत किमान सहा जण हवेत, म्हणजे दीड महिन्यातून एक आठवडा येतो. तिघांत ऑनकॉल चालवणारी कंपनी दोन तिमाहीत त्यातला एक तरी माणूस गमावते. फेरीत शिरण्याआधी दोन आठवडे कुणाच्या तरी सावलीत काढा, म्हणजे फोन दोघांचे वाजतील आणि हात त्याचा चालेल.

फोन वाजला की क्रम असा: पाच मिनिटांत स्वीकारा, घटना-चॅनेलवर "मी बघतोय" लिहा, गेल्या तासाभरात काय डिप्लॉय झालं ते बघा, शंका असेल तर आधी तो बदल मागं घ्या, कारण नंतर शोधा. नवखा माणूस इथंच घसरतो. त्याला कारण सापडेपर्यंत मागं घ्यायला नको वाटतं, आणि चाळीस मिनिटं जातात. ९९.९ टक्के उपलब्धतेचं वचन दिलेल्या कंपनीला तीस दिवसांच्या महिन्यात सगळी मिळून ४३ मिनिटं असतात. प्रत्येक पावलाची वेळ चॅनेलवर लिहित जा. दोन दिवसांनी लिहायच्या घटना-अहवालाचा अर्धा भाग तिथंच तयार होतो. अहवालात माणसाचं नाव नको, यंत्रणेनं त्या माणसाला ते करू कसं दिलं ते हवं. ज्या कंपनीत अहवाल म्हणजे पंचनामा असतो तिथं पुढच्या चुका लपवल्या जातात.

घड्याळ आणि नागपूर

ग्राहक अमेरिकेत असतील तर त्यांचं वर्षातून दोनदा बदलणारं घड्याळ लक्षात ठेवा. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेसात. मीटिंगचं निमंत्रण त्यांच्या वेळेनं बांधलं असेल तर नोव्हेंबरात तुमची संध्याकाळ तासभर सरकते. सॅन फ्रान्सिस्कोसोबत दोन्ही बाजूंना सोयीची वेळ नसतेच. तिथं बोलण्याऐवजी ध्वनिमुद्रित डेमो आणि लेखी उत्तरं यावरच काम बेतावं, आणि आठवड्यातून एखादीच उशिराची मीटिंग कबूल करावी.

सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. म्हणून मध्यरात्र ते पहाटे साडेपाचचे व्यवहार रोजच्या अहवालात आदल्या तारखेला दिसतात. विक्रीचा आकडा जुळत नाही असं लेखा विभागानं सांगितलं की आधी हे तपासा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत असते हे बंगळुरूच्या मॅनेजरला ठाऊक नसतं. दसऱ्याला दीक्षाभूमीकडचे रस्ते, डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळं सीताबर्डी आणि विधानभवनाचा परिसर, हे दिवस आधीच टीमच्या कॅलेंडरवर टाका आणि त्या दिवशी घरून काम ठरवून घ्या. मिहानला जायचं असेल तर ऑरेंज लाइननं खापरीपर्यंत नीट जाता येतं, पण पुढं आतल्या ऑफिसपर्यंतचा टप्पा वेगळा मोजा. रुजू होण्याआधी एकदा त्याच वेळेला जाऊन बघितलेलं बरं. उशिरापर्यंत थांबावं लागणार असेल तर परतीच्या गाडीचं ऑफरच्या वेळीच लेखी घ्या.

घरून काम करणाऱ्यांसाठी एप्रिल-मे हा स्वतंत्र विषय आहे. पारा पंचेचाळीसवर आणि खोलीत डेझर्ट कूलर घोंघावतोय; लॅपटॉपच्या माइकवर समोरच्याला फक्त पंखाच ऐकू जातो. तोंडाजवळ माइक असलेला हेडसेट घ्या, कूलर पाठीमागं नको, बाजूला ठेवा आणि बोलताना वेग कमी करा. वीज गेली तर १५० अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, हाती बाराशेच्या आसपास लागतात. लॅपटॉप ६०, राउटर १०, पंखा ७० वॅट: आठ-साडेआठ तास. त्यावर दोनशे वॅटचा कूलर लावला की साडेतीन तासांत सगळं बंद. राउटर इन्व्हर्टरच्या जोडणीवर आहे ना ते आजच बघा. बऱ्याच घरांत तो नसतो. आणि फायबर एका कंपनीचं असेल तर मोबाइल डेटा दुसऱ्या कंपनीचा ठेवा.

नोंद ठेवा

वर्षात मॅनेजर दोनदा बदलला तर नवल नाही. नव्याला तुमच्या आधीच्या सात महिन्यांबद्दल काहीच माहीत नसतं. दर शुक्रवारी दहा मिनिटं काढून तीन-चार ओळी लिहा, आकड्यांसह: "अहवालाचं पान ९ सेकंदांवरून १.२ वर आणलं. दोन नव्या लोकांना रुजू करून घेतलं. मंगळवारची घटना ३१ मिनिटांत आटोक्यात." मूल्यमापनाच्या वेळी हाच कागद पुढं करायचा. मॅनेजर बदलताना जुन्याकडून एक पान लिहून घ्या: पगारवाढीबद्दल, पदाबद्दल काय बोलणं झालं होतं. तोंडी शब्द माणसाबरोबर जातो.

दर आठवड्याच्या अर्ध्या तासाच्या भेटीत कामाची हजेरी देऊ नका, ती स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीला, देऊन झालेली असते. अडथळा कुठला, पुढच्या तिमाहीत टीम फुटणार आहे का, माझ्याकडून कमी काय पडतंय, एवढं विचारा.

भरती जोरात असताना मुलाखती घ्यायचं काम अंगावर येतं. एक तास मुलाखत, अर्धा तास अभिप्राय; आठवड्याला तीनच्या वर घेऊ नका आणि तो वेळ स्प्रिंटमधून (टीमनं आखलेल्या कामाच्या फेरीतून) आधीच वजा करा. अभिप्राय त्याच दिवशी लिहा.

वाढ थांबल्याच्या खुणा

भरती थांबली हे जाहीर होण्याआधी छोट्या गोष्टी दिसतात: प्रवासखर्चाची बिलं दोन महिने अडतात, क्लाउडचं बिल कमी करण्याचा प्रकल्प अचानक सर्वांत महत्त्वाचा होतो, विक्रीचे आकडे मासिक सभेतून गायब होतात. यातली एखादी गोष्ट सुटी असेल तर घाबरायचं कारण नाही. पण पीएफ बघत राहा. कंपनीनं पगाराच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तो भरायचा असतो. पासबुकात सलग दोन महिने रक्कम आली नाही तर एचआरला लेखी विचारा, आणि बायोडेटा त्याच आठवड्यात नीट करून ठेवा.

सोडायचं ठरलं तर राजीनाम्याआधी ईसॉपचा करार उघडा. हक्क मिळालेले ऑप्शन विकत घ्यायला बऱ्याच ठिकाणी नव्वद दिवसच मिळतात, आणि वर सांगितलेला कर त्याच काळात भरायचा असतो. पुढचा टप्पा तीन आठवड्यांवर असेल तर राजीनाम्याची तारीख सरकवणं शहाणपणाचं. नोटीस साठ दिवसांची की नव्वद, उरलेल्या रजेचे पैसे मिळतात का, बोनस परत मागण्याची अट आहे का, हे तीनही त्याच करारात किंवा ऑफर लेटरमध्ये असतं. शेवटच्या दिवसाआधी पगाराच्या सगळ्या पावत्या आणि आधीच्या वर्षांचे फॉर्म १६ स्वतःच्या ईमेलवर घ्या, कारण कंपनीचं खाते संध्याकाळी सहाला बंद होतं. कोड मात्र सोबत घेऊ नका, एक ओळही नाही. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या आणि आर्थिक वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली असेल तर आधीचं उत्पन्न नव्या कंपनीला लेखी कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या वजावट आणि करमाफी वेगवेगळी धरतात आणि जुलैत विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम अंगावर येते.